वाकडा पूल

शाळेतून चिठ्ठी आली : टाकाऊपासून टिकाऊ,
सोमवारी आणावे, पालकांनी मदत करू नये.
खाली पालकांची सही.

आणि नेमकं रविवारी
सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत
टाकाऊ असं काही सापडेना.
आगपेटीत काड्या होत्या, त्या वाटीत ओतल्या.
खोकल्याच्या औषधाचा तळ
मीच पिऊन टाकला, खोकला नसताना.
पिंपळगावच्या मामांनी मार्चात पाठवलेली द्राक्षांची पेटी
बायको कांद्यांना वापरते,
कांदे परातीत गेले.
गांगुर्ड्यांचा पियूष एका चपलेचा अंगठा घेऊन आला,
वरच्या मजल्यावरची झोया मामेबहिणीच्या लग्नाच्या पत्रिका,
सोनेरी, दोनशे,
नवऱ्याचं नाव चुकलेल्या.

मी अंबडला क्वालिटीला आहे.
पितळी बुश मोजतो. व्हर्नियर लावायचा,
पाच शतांश इकडेतिकडे झालं की लाल पेटीत.
सवय लागते हो.
एकदा ताटातली पोळी फिरवून बघत होतो,
बायको म्हणाली, मारा शिक्का.

पोरांना गंगेवरचा पूल करायचा होता.
निळ्या दुधाच्या पिशव्या कापून पेटीत आडव्या टाकल्या,
कडेला सुकलेलं दूध होतं, त्याचा फेस झाला.
बायकोने कणकेची खळ शिजवून दिली,
निम्मी पियूषच्या केसांत.
पत्रिकांच्या कमानी, आगपेट्यांचे खांब,
बुचांच्या रिक्षा, आणि एक बस
जिला तीनच चाकं, चौथं येताना पंक्चर झालंय म्हणे.

पूल काठावरून नीट निघाला
आणि मध्येच डावीकडे गेला,
काही विसरल्यासारखा,
मग आठवून परत आला.
मी हात मांड्यांखाली दाबून बसलो.
मदत करू नये.

रात्री सगळे झोपल्यावर उठलो.
खळ ओलीच होती. पट्टी लावली.
दहा मिनिटांचं काम.
मध्ये नारळाची शेंडी आडवी येत होती,
उदबत्तीच्या काडीला गुंडाळलेली,
ती उपटून केरात टाकली.
छान झोप लागली मग.

सकाळी ईरा एका पायात मोजा घालून पेटीपुढे उभी.
रडली नाही. विचारलं,
झाड कुठंय?
कसलं झाड?
उंबराचं. झोयानं आधी तेच लावलं होतं.
पूल नंतर आला, म्हणून तर वळला.

गल्लीच्या तोंडाशी घंटागाडीचं गाणं सुरू झालं होतं.
डबा उचलून जिना उतरलो,
एका हातानं चहाचा चोथा, कांद्याची सालं उपसत.
काय पडलं, साहेब? अंगठी?
झाड, म्हणालो.
गाडीवरचा माणूस हसला नाही.
ओल्यात टाकलं का सुक्यात, एवढंच विचारलं,
आणि ड्रायव्हरला थांब म्हणाला.
गाणं वाजत राहिलं.

सापडलं. चहाच्या वासाचं.
पूल पुन्हा वाकवायला घेतला
तर रात्रीत खळ वाळलेली,
जरा कुरकुरला, एका खांबाला चीर गेली.
ईराने एक डोळा मिटून बघितलं,
मी बघतो तसंच,
आणि म्हणाली,
अजून थोडा डावीकडे.

दुपारी कंपनीत एक बुश हातात आला,
सात शतांश जास्त.
लाल पेटीत टाकला.
तो बुश आहे, पूल नाही.

पण शिफ्ट सुटताना स्टोअरच्या खैरनारांना विचारलं,
लाल पेटीतला एक न्यावा म्हणतो घरी,
बसला चौथं चाक नाहीये.
खैरनारांनी चष्म्यावरून बघितलं.
गेटपास लागेल, म्हणाले,
आणि कारणाच्या रकान्यात
काय लिहू?